नकाशातला रंग आणि बांधावरची माती

(कोकणातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत एका पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर.)



बाहेरच्या फलकावर ‘विस्तीर्ण प्रदेशांतील जमिनीच्या आम्लतेचे नकाशे’ हा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी जाणून आहे. विषय रूक्ष, आणि वक्ता कला शाखेचा! मी मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालो आणि पुढे तीस वर्षे वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या. रसायनशास्त्राची आणि माझी ताटातूट दहावीच्या परीक्षेनंतर झाली, ती कायमची. तरीही या विषयाने मला धरले, त्याचे कारण माझी एक फजिती आहे. तिच्यापासूनच आरंभ करतो.

२०१९ च्या मे महिन्यात मी गावी आलो होतो. परतताना घरामागच्या जमिनीतली ओंजळभर माती पिशवीत भरून घेतली आणि शहरातल्या एका प्रयोगशाळेत देऊन टाकली. आठवड्याने अहवाल आला. सामू ७.८. सामू म्हणजे ज्याला इंग्रजी नावाने आपण पीएच म्हणतो तो आकडा. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कधर्मी. प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी दोनदा विचारले, “माती कोकणातलीच ना? की सोलापूरकडची?” मी छातीठोकपणे सांगितले की कोकणातली, आमच्या स्वतःच्या जमिनीतली. आणि मनाशी निष्कर्षही काढला की कोकणची जमीन आम्ल असते हे सगळे पुस्तकी आहे, आमची बघा कशी उत्तम!

दिवाळीत तो कागद मी आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, आकडा पाहिला आणि विचारले, “अरे, माती काढलीस कुठून?” मी जागा दाखवली. आप्पा हसू लागले. “बाबा रे, हे घर बांधताना माझ्या आजोबांनी चुन्याचा घाणा घातला होता, तो इथेच. बैल फिरायचे गोल. अजून खणलंस तर पांढरं निघेल. तू जमिनीचा नाही, चुन्याचा दाखला घेऊन आलास!”

आता गंमत बाजूला ठेवून विचार करा. ती ओंजळभर माती माझ्या हौसेपोटी गेली होती म्हणून बरे. ती एखाद्या सर्वेक्षणात गेली असती, तर त्या आकड्याला अक्षांश-रेखांश लाभले असते, तो एका मोठ्या तक्त्यात बसला असता आणि देशाच्या नकाशावर रत्नागिरी जिल्ह्यात एक निळा ठिपका उमटला असता. त्या ठिपक्याभोवतीच्या चार वाड्यांना कोणीतरी सांगितले असते की तुम्हाला चुन्याची गरज नाही. नकाशाला आप्पा भेटत नाहीत.

आजचे माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीत आहे. तथापि ते पटण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सामूचे हे मापन १९०९ साली सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने सुचवले. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत, आणि ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्याची होती. आपल्या शेतकऱ्याच्या पत्रिकेवरचा पहिला आकडा तिथून आला आहे! या मापनाची एक खोच ध्यानात ठेवली पाहिजे. ही मोजपट्टी साधी नाही. सामू सहाच्या मातीपेक्षा सामू पाचची माती दहापट आम्ल, आणि सामू चारची शंभरपट. पायरी एकच दिसते, पण ती जिन्याची पायरी नसून घाटाचे वळण आहे.

जमीन आंबट झाल्याने काय बिघडते? पिकाला आंबटपणाचा त्रास होतो तो बहुधा सरळ नव्हे, आडवाटेने. सामू साधारण साडेपाचच्या खाली घसरला की मातीच्या कणांत बंदिस्त असलेले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची टोके खुंटवते. मूळ आखूड राहिले की पाऊस चार दिवस ओढला तरी झाड माना टाकते, आणि आपण दोष पावसाला देतो. दुसरे, आपण विकत आणून घातलेले स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी जखडून बसते. पैसे मातीत जातात, हे अक्षरशः खरे होते! तिसरे, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले नत्र बांधणारे जिवाणू आम्ल जमिनीत नीट काम करीत नाहीत. नाचणी आणि वरी त्यामानाने सोशिक. आपल्या वरकस जमिनींवर हीच पिके का टिकली, याचे एक उत्तर येथे सापडते.

आता प्रदेशाकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रात जमिनीची आम्लता कशी ठरते, हे पाहायला सह्याद्रीसारखी शाळा नाही. सोलापूरच्या काळ्या रानाखाली जो खडक आहे तोच काळा अग्निजन्य खडक महाबळेश्वरच्या लाल मातीखालीही आहे. आई एकच, पण लेकरे दोन वर्णांची. सोलापुरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम जमिनीतच राहिले, चुनखडी साठली आणि सामू आठाच्या घरात गेला. घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात पावसाने हजारो वर्षे तेच क्षार धुऊन समुद्रात नेले. मागे उरले लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजेच आपला जांभा. ज्या खडकाला जगभर ‘लॅटराइट’ म्हणतात ते नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश प्रवाशाने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात दिले, ते मलबारातील अंगडीपुरमचा खडक पाहून. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. आपल्याकडे चिरेखाणीवर काम करणाऱ्या कोणत्याही माणसाने हे त्याला फुकट सांगितले असते.

म्हणजे विस्तीर्ण प्रदेशाचा विचार केला तर आम्लता ही काही लपंडाव खेळणारी गोष्ट नाही. पाऊस, खडक, चढउतार आणि झाडोरा हे चार साक्षीदार तिचा ठावठिकाणा सांगतात. ईशान्य भारत, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, बंगालचा पश्चिम भाग, हिमाचलचे डोंगर, केरळ, किनारी कर्नाटक, गोवा आणि कोकण हा आम्ल जमिनींचा पट्टा अभ्यासकांनी केव्हाच आखला आहे. देशात सुमारे ४ कोटी ९० लाख हेक्टर जमीन आम्ल असून तीपैकी २ कोटी ६० लाख हेक्टरांचा सामू साडेपाचच्या खाली आहे, असा आकडा पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे दिला जातो. पण २०१० साली भारतीय कृषी संशोधन परिषद आणि राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी यांनी देशातील अवनत जमिनींचा ताळेबंद प्रसिद्ध केला, त्यात साडेपाचच्या खालच्या जमिनी सुमारे १ कोटी ७९ लाख हेक्टर भरल्या. मर्यादा तीच, देश तोच, आणि अंतर ऐंशी लाख हेक्टरांचे! यात कोणी खोटे बोलले असे नाही. एकाने आम्ल जमीन मोजली, दुसऱ्याने बिघडलेली जमीन मोजली. आम्ही पत्रकार मंडळी मात्र हाताला लागेल तो आकडा मथळ्यात टाकून मोकळी होतो. मीही हे केले आहे.

हे नकाशे होतात तरी कसे? नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. तिने १९८६ पासून देशभर दर दहा किलोमीटरवर जमीन तपासून राज्याराज्यांचे मृदा नकाशे केले, त्यांचे प्रमाण एकास अडीच लाख. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. नकाशावर आपण बोट ठेवले तर बोटाखाली आख्खे गाव झाकले जाते. कामाची भव्यता यातून कमी होत नाही, उलट ज्या काळात खिशात दिशा दाखवणारे यंत्र नव्हते त्या काळात ही माणसे कोहिमापासून कच्छपर्यंत खड्डे खणत गेली, हे आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे. परंतु दोन खड्ड्यांच्या मधल्या दहा किलोमीटरांत काय आहे, हे त्यांनी जाणकारीने ठरवले. सगळे मोजले नाही, मोजणे शक्यही नव्हते.

ही मधली जागा भरण्याचे शास्त्र पुढे फार वाढले. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत क्रीग नावाच्या अभियंत्याने १९५१ च्या सुमारास एक युक्ती काढली : दोन छिद्रांत सोने किती हे ठाऊक असेल तर मधल्या जागी किती असावे, याचा हिशेबी अंदाज. फ्रान्सच्या माथेरां यांनी तिला गणिताची बैठक दिली, आणि क्रीग यांच्या नावावरून तिला ‘क्रीजिंग’ म्हणू लागले. आज त्याच्याही पुढे जाऊन उपग्रहाची चित्रे, पावसाचे आकडे, डोंगरउतार हे सगळे संगणकाला देतात. जिथे माती प्रत्यक्ष तपासली आहे तिथे या गोष्टींचा सामूशी काय संबंध दिसतो ते तो शिकतो आणि जिथे तपासलेली नाही तिथला सामू वर्तवतो. नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या मृदा संस्थेने असा साऱ्या जगाचा नकाशा २०१४ साली एक किलोमीटरच्या चौकटीत, तर २०१७ साली अडीचशे मीटरच्या चौकटीत प्रसिद्ध केला, आणि पुढे तो सुधारलाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. उपग्रहाला सामू दिसत नाही. वरून दिसते ते गवत, झाड, ओल, रंग. त्यावरून सामूचा केवळ तर्क करता येतो. अडीचशे मीटरची चौकट पाहून आपल्याला वाटते की कोणी अडीचशे मीटरांवर माती तपासली. तसे नाही. चौकट बारीक आहे, माहिती तितकी बारीक नाही. वागेनिंगेनच्या मंडळींचे कौतुक यासाठी की ते आकड्याबरोबर त्या आकड्याची अनिश्चितताही छापतात. प्रत्येक चौकटीसाठी सामू कुठपासून कुठपर्यंत असू शकेल याची कमाल-किमान मर्यादा देतात. हा दुसरा नकाशा सहसा कोणी उघडून पाहत नाही. आणि त्यात आपल्याला बोचावी अशी एक गोष्ट आहे : या जागतिक संग्रहात भारतातील मातीच्या नोंदी आपल्या देशाच्या विस्ताराच्या मानाने फार थोड्या आहेत. आपण आपली माती मोजून मांडली नाही म्हणून जग थांबत नाही. ते ब्राझील आणि आफ्रिकेतल्या लाल मातीवरून आपल्या लाल मातीचा अंदाज बांधते, आणि तोच अंदाज उद्या आपल्याच विद्यापीठातला विद्यार्थी संगणकावरून उतरवून घेऊन प्रबंधात वापरतो.

मग आपण मोजत नाही का? मोजतो, आणि प्रचंड प्रमाणावर मोजतो. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढ येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. (सुरतगढ वाळवंटाच्या कडेचे, तिथे जमीन आम्ल असण्याचा प्रश्नच नव्हता, पण ते असो.) पहिल्या फेरीतच दहा कोटींहून अधिक पत्रिका निघाल्या. बारा गोष्टींची तपासणी, त्यांत सामू आलाच. ज्या शेतकऱ्याच्या सात पिढ्यांत कोणी आपल्या जमिनीचा आकडा पाहिला नव्हता त्याच्या हातात तो आला, हे लहान काम नव्हे. आजही हे काम राष्ट्रीय कृषी विकास योजनेत चालू आहे.

आता या योजनेचे जाळे आणि युरोपचे जाळे शेजारी शेजारी ठेवून पाहू. युरोपीय संघाने २००९ साली पंचवीस देशांतून सुमारे वीस हजार ठिकाणची माती गोळा केली. म्हणजे ढोबळमानाने दोनशे चौरस किलोमीटरांमागे एक नमुना. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला त्या हिशेबाने चाळीसेक नमुने आले असते. आपल्या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांमागे एक आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना. आपले कोरडवाहूचे जाळेसुद्धा त्यांच्यापेक्षा दोन हजार पटींनी दाट!

तरी नकाशा करायला बसलेला अभ्यासक त्या वीस हजारांवर आधी विश्वास ठेवतो. का? कारण ती सगळी माती एकाच पद्धतीने काढली, ठरलेल्या खोलीवरून काढली, आणि हंगेरीतल्या एकाच प्रयोगशाळेत तपासली. सामूदेखील दोन रीतींनी मोजला, पाण्यात आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात. या दोन रीतींचे उत्तर अर्ध्या ते एका अंकाने वेगळे येऊ शकते. कोणत्या रीतीचा आकडा आहे हे न लिहिता दोन देशांचे तक्ते जोडले, तर सीमेवर एक खोटी भिंत उभी राहते. आपल्याकडे हजारो हात माती काढतात, शेकडो प्रयोगशाळा ती तपासतात. एका ठिकाणी मे महिन्यात नमुना घेतला, दुसरीकडे पावसाळा संपल्यावर. उन्हाळ्यात साठलेले क्षार सामू खाली दाखवतात, पावसाने ते धुतले की तोच सामू वर येतो. जमीन तीच, आकडा दुसरा. आणि जिथे अमुक तारखेपर्यंत अमुक नमुने हे लक्ष्य असते तिथे एकाच बांधावरून चार पिशव्या भरण्याचा मोह माणसाला होऊ शकतो, हे सांगायला मी पत्रकार असण्याची गरज नाही. घनता आहे, शुचिता हवी. दाट आणि गढूळ जाळ्यापेक्षा विरळ आणि स्वच्छ जाळे मोठ्या प्रदेशाचे खरे चित्र देते.

पण शेताचे? शेताचे चित्र दोन्ही देत नाहीत, आणि हा मुद्दा कोकणाइतका कोणाला लागू नाही. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ हजार गुंठे. विदर्भात हजार गुंठ्यांत दोन-चार मालक असतील आणि जमीन एका तोंडवळ्याची असेल. आपल्याकडे हजार गुंठ्यांत वर कातळ, त्याखाली वरकस उतार, मग भाताची खाचरे, मग परसातली माडांची बाग आणि शेवटी खाडीचे खारवट. आणि सातबाऱ्यावर नावे किती ते तलाठ्यालाच ठाऊक. त्या चौकटीतून एक नमुना, आणि त्याचे उत्तर चौकटीतल्या सगळ्यांच्या पत्रिकेवर. सरासरीचा खेळ येथे आणखी फसवा होतो. एका तुकड्याचा सामू चार आणि दुसऱ्याचा सहा असेल तर आपण सरासरी पाच लिहून मोकळे होतो. पण मघाशी सांगितलेल्या घाटाच्या वळणाप्रमाणे आम्लतेचीच सरासरी काढली तर उत्तर ४.३ येते. कागदावर पाच असलेले शेत जगात कुठेच नसते. असतो तो एक उपाशी तुकडा आणि एक खाऊनपिऊन सुखी तुकडा. हे ध्यानात आल्यामुळेच असेल, २०१९-२० मध्ये निवडक गावांत प्रत्येक खातेदाराच्या जमिनीचा स्वतंत्र नमुना घेण्याचा प्रयोग झाला.

आणखी एक गाठ सोडवायची आहे. सामूचा नकाशा म्हणजे चुन्याचा नकाशा नव्हे. दोन शेतांचा सामू ५.२ असला तरी रेताड जमिनीला थोडा चुना पुरतो. चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब अधिक असलेली जमीन पुष्कळ चुना पिऊन टाकते आणि सामू हलतही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वेगळ्या द्रावणाने चुन्याची गरज काढावी लागते, तो आकडा मागून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी सगळे शेत एकदम गोड करण्याचा खर्चिक मार्ग सोडून, हेक्टरी दोन ते चार क्विंटल चुना दर हंगामी बियाण्याच्या ओळीतच देण्याची शिफारस केली आहे. लहान शेतकऱ्याला झेपेल असा हा उपाय आहे. फाजील चुनाही वाईटच, जस्त आणि लोह पिकाला मिळेनासे होते. आणि भाताचे तर निराळेच. खाचरात पाणी भरून राहिले की काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू आपोआप सातकडे सरकतो. म्हणून ५.२ ची पत्रिका असूनही भात तक्रार करीत नाही; पाणी ओसरल्यावर त्याच खाचरात वाल किंवा कुळीथ टाकला की तक्रार सुरू होते. नकाशावर हे कुठल्या रंगाने दाखवणार?

खाडीकाठच्या मंडळींसाठी एक इशारा. केरळातील कुट्टनाडात समुद्रसपाटीखालची भातशेती आहे. तिथल्या काही मातीत गंधकयुक्त लोह दडलेले असते. पाण्याखाली असेतो ती माती निरुपद्रवी दिसते. बांध फुटून किंवा निचरा करून ती वाळली, हवा लागली, की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि सामू चारच्याही खाली जातो. अशा मातीचा ओला नमुना एक बोलतो आणि वाळवलेला दुसरेच. गोव्याच्या खाजण जमिनीही खारट आणि आम्ल अशा दुहेरी स्वभावाच्या आहेत. बांध सांभाळण्याची जी सामूहिक शिस्त तिथल्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, ती मोडल्यावर काय होते हे कळायला नकाशा पुरत नाही.

नकाशाला जन्मतारीखही असते. हिमाचलात पालमपूरला १९७२ पासून एक दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथे ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे नुसते नत्रखत दिले, तिथे जमीन आम्ल होत गेली आणि मका व गहू या दोन्ही पिकांचे उत्पादन शेवटी शून्यावर आले. शेजारच्या वाफ्यात समतोल खतांबरोबर चुना दिला, तिथे पीक टिकले. हात भरावर दोन जमिनी, पन्नास वर्षांत दोन सामू. १९९० च्या नकाशावरून २०२५ च्या शेताला खत ठरवणे म्हणजे मुंजीतल्या छायाचित्रावरून नवरदेवाच्या शेरवानीचे माप घेणे.

कोणी विचारेल की आपल्या राबाचे काय? भाताची रोपे काढण्यापूर्वी शेणी, पालापाचोळा टाकून जमीन भाजायची ही आपली रीत. राख अल्कधर्मी असते, ती रोपवाटिकेपुरता आंबटपणा उतरवते, हे खरे आहे. अनुभवाने सापडलेली ही गोष्ट आहे. म्हणून आपल्या पूर्वजांना सामू ठाऊक होता, असे सभेत ठोकून देण्याची मात्र घाई करू नये. रान साफ होते, तण मरते म्हणूनही ते भाजत. त्यांनी जमीन रोज पाहिली, एवढे निःसंशय म्हणता येईल. आणि राबासाठी झाडे सोलून डोंगर उघडे पडले, हाही त्याच हिशेबाचा दुसरा भाग आहे.

आमच्या जमिनीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या दिवाळीनंतर आप्पांनी आणि मी मिळून पुन्हा माती काढली. या खेपेला जमिनीचे तुकडे आधी वेगळे केले. प्रत्येकात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत पातळ चकती, सगळी माती गोणपाटावर एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग आणि अर्थातच चुन्याचा घाणा वर्ज्य. सावलीत वाळवून, तुकड्याचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी घालून पिशव्या दिल्या. उत्तरे आली : वरकस ४.९, वरचे खाचर ५.४, खालचे खाचर ५.७, माडांचे परस ६.३. एकाच सातबाऱ्यावर चार जमिनी निघाल्या. आप्पांनी ते आकडे आपल्या वहीत उतरवले. त्या वहीत आधी फक्त काजूच्या पैशाचे आणि गुरांच्या लसीचे हिशेब असत. वरकसावर त्यांनी ओळीत चुना देऊन तूर टाकली, शेजारच्या ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, पुन्हा त्याच महिन्यात, त्याच जागी माती काढली आणि वहीत दुसरा स्तंभ आखला. वरकसाच्या चुना दिलेल्या पट्ट्यात ५.५ होते, कोऱ्या पट्ट्यात ४.८.

आपल्या गावात साधारण किती खातेदार असतील? तीनशे? उद्या सकाळी साडेसातला वाचनालयाच्या मागच्या शेतात मी, कृषी सहायक आणि शाळेतली आठ-दहा मुले माती काढणार आहोत. फावडी दोन आहेत, पिशव्या पुष्कळ आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपला सातबारा आणि, जमल्यास, जमीन कोणे एके काळी कशी होती हे सांगू शकणारे घरातले एखादे वडीलधारे माणूस सोबत आणावे.